बाळंतपणाचा पैसा कुणी भरायचा? : १९२८ पासूनचा एक हिशेब

दिवस गेलेल्या बाईला आणि तिच्या घरच्यांना पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. तपासण्या, औषधे, दवाखाना, पुढे सिझर झालेच तर आणखी खर्च. नवऱ्याचे काम रोजंदारीचे आणि विमा कसलाच नाही. 'आता विमा काढू' म्हणून चौकशीला जावे तर उत्तर मिळते की बाई, तुम्ही आधी यायला हवे होते! हा प्रश्न घराघरातला असला तरी त्याला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात बाबासाहेबांचे एक भाषण आहे. मजूर मंत्री म्हणून त्यांनी केलेले काम आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते, पण या भाषणाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

साधारण १९२० च्या सुमाराची मुंबई डोळ्यांसमोर आणा. परळ, लालबाग, भायखळा, डिलाईल रोड या भागात गिरण्यांचे भोंगे वाजत होते. गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात असत. त्यांच्यावर नायकीण नेमलेली असे, आणि कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला बसवून ठेवायचे हे बरेचसे तिच्या हातात असे. गरोदर बाई अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत साच्यापुढे उभी राहायची, कारण खाडा म्हणजे पगार नाही. बाळंतपणासाठी गावी जावे तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी, इथेच राहावे तर चाळीतली एक खोली, सुईण आणि सावकार. ज्यांना परत कामावर जायचे असे त्या तान्ह्या पोराला अफूची गोळी देऊन निजवीत. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर बालमृत्यू नोंदले गेले. अनेक बायका गावी बाळंत होऊन येत, त्यामुळे जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत अशी नोंद होऊन हा आकडा फुगला हे खरे. तरीही तो अंगावर काटा आणणाराच आहे.

यावर कायदा हवा असे काहींना वाटत होते. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले. बाबासाहेब १९२७ पासून त्या सभागृहाचे सभासद होते. जुलै १९२८ मध्ये या विधेयकावर ते बोलायला उभे राहिले.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही तिची एकटीची सोय नाही, त्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारनेच उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण ही मूळ जबाबदारी सरकारची. पण सरकार ते करीत नाही तोवर मालकाने अंग काढून घेऊ नये. तो बायकांना कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा त्याने काही भार सोसणे न्यायाचेच आहे.

नीट पाहा. आधी राष्ट्र, मग सरकार, मग मालक असा हा क्रम आहे. खर्च भरणाऱ्यांच्या यादीत बाळंतिणीचे नाव कुठेच नाही!

१९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे मिळू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण कायद्याने दारावर एक अट उभी केली. बाईची त्या गिरणीत ठरावीक महिन्यांची नोकरी झालेली हवी. बदली कामगार, घरी विड्या वळणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी, दुसऱ्याची धुणीभांडी करणारी, या सगळ्या बाहेरच राहिल्या. कामाला लागतानाच जिला दिवस गेलेले होते, तीही बाहेर. आणि मालकही हुशार. पुढच्या दशकांत गिरण्यांतून बायकांची संख्या घटत गेली. त्यामागे रात्रपाळीची बंदी, यंत्रांतले बदल अशी इतर कारणेही होती, पण बाळंतपणाचा खर्च नको हेही एक कारण असल्याचे तेव्हापासून बोलले जाते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. घटनेच्या कलम ४२ मध्येही प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आले.

तरी अट सुटली नाही. या विम्यात प्रसूतीचा पगार मिळण्यासाठी आधीच्या दोन वर्गणी कालखंडांत निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत १६० दिवस कामाची अट होती, ती १९८८ मध्ये ८० दिवसांवर आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ८० दिवसच राहिली. मालकाने मोफत उपचार दिले नाहीत तर बाईला द्यायचा वैद्यकीय बोनस १९६१ मध्ये होता २५ रुपये! तो पुढे २५०, मग १०००, मग ३५०० झाला. एवढ्या पैशांत खाजगी दवाखान्यातले बाळंतपण होते का, हे ज्याने बिल भरले त्यालाच विचारा.

खाजगी विमा कंपन्यांची तऱ्हा तर वेगळीच. बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या पॉलिसीतही बहुधा आधी नऊ महिने ते काही वर्षे थांबण्याची मुदत असते. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छत्री विकत मिळत नाही. त्यांचे गणितही समजण्यासारखे आहे. गरज दिसल्यावरच सगळे वर्गणी भरू लागले तर विमा चालणार कसा? पण म्हणूनच 'सगळ्यांनी विमा काढा' हे या प्रश्नाचे पुरते उत्तर होऊ शकत नाही. विमा आधीचे दिवस मोजतो, आणि पोटातले पोर कुणाचे दिवस मोजून येत नाही.

दिवसांची ही अट बाजूला पडली ती सरकारने स्वतः भार उचलला तेव्हाच. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, सिझर असले तरी. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, तिथले जेवण, घरून नेणे आणि परत पोचवणे, सारे त्यात येते. नोकरीचा दाखला लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी अडत नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला निदान ६००० रुपयांचा हक्क दिला. पण २०१७ च्या मातृवंदना योजनेत मिळू लागले ५००० आणि तेही पहिल्याच बाळाला. २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास ६००० मिळतात. कायदा एक सांगतो आणि योजना हात आखडता घेते, हे बोललेच पाहिजे.

कागदावर मोफत असलेले खाटेपाशी मोफत राहतेच असेही नाही. 'औषध बाहेरून आणा' ही चिठ्ठी आपल्या वस्तीत कुणी पाहिली नाही? अशा वेळी चार बायकांनी सोबत जाऊन 'हे मोफत आहे ना?' एवढे विचारले तरी फरक पडतो. महिला मंडळाने वस्तीतल्या गरोदर बायकांची वही ठेवावी. आशाताईंकडे लवकर नाव नोंदवावे, माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे, बँकेचे खाते बाईच्या स्वतःच्या नावावर आहे ना ते पाहावे, १०२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. सातव्या महिन्यात व्याजाने पैसे काढण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात काय काय मिळते याची चौकशी करावी.

यात कुणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही. आईचा भार सरकारने उचलावा, असे मुंबईच्या सभागृहात १९२८ सालीच ठणकावून सांगितले गेले आहे. ते देणे अजून पुरते फिटलेले नाही. मागणाऱ्या बाईने मान खाली घालायचे कारण नाही.