जवळच्या फेऱ्यांसाठी सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी : हैदराबादकर सभासदांसाठी माहिती

काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार ही आपली जुनी वस्ती. पुढची पिढी कुकटपल्ली, मियापूर, गच्चीबावलीकडे गेली. दोन्हीकडच्या घरांतून चौकशी मात्र एकच असते : रोजची धाव दहा-बारा किलोमीटरची, सिग्नलला सिग्नल लागून, डावा गुडघा क्लचला कंटाळलेला, नवी गाडी बजेटबाहेर, तर जुनी ऑटोमॅटिक कोणती घ्यावी? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : ॲव्हरेज किती देते?

आधी या दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब करू. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला १०७ रुपये धरले, तर १३ चे ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला सुमारे २,४७० रुपयांचे पेट्रोल पिते आणि १७ चे देणारी सुमारे १,८९० रुपयांचे. फरक ५८० रुपये, म्हणजे वर्षाला सात हजार. केवळ ॲव्हरेजसाठी लाखभर रुपये जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील. गिअरबॉक्स बिघडला तर मात्र काही वर्षांची ही सगळी बचत एका बिलात जाते. म्हणून जवळच्या फेऱ्यांसाठी गाडी घेताना आधी गिअरबॉक्स पाहावा, मग कागदपत्रे आणि शेवटी ॲव्हरेज.

याच हिशेबाने डिझेलचा विचार सोडून द्यावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. कोठी ते नारायणगुडा अशा फेऱ्यांत तो तुंबतो. सीएनजीत ऑटोमॅटिकचा पर्याय उशिरा आला. टाटा टियागोने तो २०२४ च्या सुरुवातीला आणला, त्यामुळे जुन्या बाजारात अशा गाड्या थोड्याच आहेत.

गिअरबॉक्स कोणता?

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. विकणारा फरक सांगेलच असे नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त आढळणारी ती एएमटी. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने ती भारतात आणली. पुढे ऑल्टो के१०, वॅगन-आर, क्विड, टियागो, इग्निस, सँट्रो अशा बहुतेक छोट्या गाड्यांत ती आली. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. फायदा असा की ॲव्हरेज मॅन्युअलच्या जवळपास राहते आणि दुरुस्ती बऱ्याच मेकॅनिकांच्या आवाक्यात असते. तोटा असा की क्लच प्लेट झिजतेच. बंजारा हिल्सच्या चढावर रांगेत उभे असताना ब्रेकऐवजी हलका ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवायची सवय आधीच्या मालकाला असेल, तर ती प्लेट वेळेआधीच जळलेली असते. सुरुवातीच्या काही एएमटी गाड्यांत चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय नाही. बहुतेकांत 'पी' ही नसतो, त्यामुळे सगळी भिस्त हँडब्रेकवर. तो किती घट्ट आहे हे चढावरच पाहावे.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, भारदस्त प्रकार. ह्युंदाई आय१० व ग्रँड आय१० मध्ये चार गिअरचा, होंडा ब्रिओमध्ये पाच गिअरचा. पेट्रोल जरा जास्त लागते, पण गर्दीत गाडी झटके न देता रांगते आणि यंत्र सोशीक असते. गाडी आता वयस्क असणार हे धरूनच घ्यावी. ऑटोमॅटिकचे ऑइल कधी बदलले ते विचारावे. ते काळे पडले असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर पुढे बोलणेच नको.

सीव्हीटी २०१५ ते २०२२ च्या बलेनोत, जॅझमध्ये, अमेझमध्ये आणि २०१९ च्या ग्लान्झात मिळते. ती ग्लान्झा म्हणजे आतून बलेनोच, तेव्हा बलेनो महाग वाटली तर तिकडेही पाहावे. सीव्हीटीला पायऱ्या नसतात, चालवायला ती सर्वांत मऊ. ज्येष्ठांसाठी निवडायची झाली, तर नीट सर्व्हिस झालेली सीव्हीटी मी एएमटीच्या आधी सुचवेन. नोंदी नसतील तर मात्र उलट, कारण हिची दुरुस्ती महागडी.

चौथा प्रकार दोन क्लचचा, डीसीटी किंवा डीएसजी. हायवेवर सुरेख. पण यांतल्या कोरड्या क्लचच्या जाती इंच इंच सरकणाऱ्या गर्दीत तापतात. वॉरंटी संपलेली अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी आपल्या कामाची नाही.

फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, डॅटसनने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. या गाड्या कमी किमतीत दिसतात. घेण्याआधी गिअरबॉक्सचा सुटा भाग किती दिवसांत मिळेल, हे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावे.

किती जुनी?

एबीएस सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. म्हणून २०२० ते २०२२ मधली गाडी बजेटमध्ये बसत असेल तर त्याहून जुनी घेऊ नये. इंजिन १००० सीसीच्या आत असेल तर थर्ड पार्टी विमाही स्वस्त पडतो : जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत २,०९४ रुपये. त्यावर १५०० सीसीपर्यंत तो ३,४१६ आहे.

'डॉक्टरांची गाडी, फक्त अठरा हजार किलोमीटर' असे ऐकले की भुरळ पडते. आकडा खरा असेल तर ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसावे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '३२१९' म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायरसुद्धा वयाने कडक होतातच.

पाण्यात बुडालेली गाडी ही आपल्याकडची खास भीती. १३-१४ ऑक्टोबर २०२० च्या पुरात हैदराबादेत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत ऑगस्ट २०१९ चे सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चे चिपळूण आठवावे. ऑटोमॅटिकमध्ये गिअरचा संगणक असतो आणि त्याला गाळाच्या पाण्याचे वावडे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत चिखलाची रेघ सापडते. स्टेपनीखालची जागा, सीटच्या रुळांवरचा गंज आणि मॅटखालचा कुबट वास पाहावा. आत उग्र सेंट मारलेला असेल तर जास्तच शंका घ्यावी.

चालवून पाहताना इंजिन थंड असले पाहिजे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. 'डी'तून 'आर'मध्ये आणि परत टाकताना धक्का किंवा खणकन आवाज नको. नंतर अर्धा तास गर्दीत हिंडावे, कारण बहुतेक दोष गरम झाल्यावर बोलू लागतात. एक सूचना तीस वर्षे मॅन्युअल चालवलेल्यांना : दोन्ही पेडल उजव्या पायानेच वापरायची. सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडतो आणि मागची गाडी आपल्यावर येते. पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात सराव करावा.

पुण्याच्या भाच्याची गाडी

आपल्या घरांत हे फार होते. नांदेड, सोलापूर, पुण्याच्या नातेवाइकांकडे चांगली गाडी असते, घरचा व्यवहार म्हणून स्वस्तात मिळते, आणि एमएच नंबरवरच ती इथे फिरू लागते. नातेवाइकांतही कागद पक्के करावेत. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी भाच्याच्या गळ्यात असते.

त्याने आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी घ्यावी. कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ जोडून बोजा उतरवावा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत, परराज्यातला ४५ दिवसांत कळवायचा असतो. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. बारा महिने परराज्याच्या नंबरवर चालते असे लोक सांगतात, पण ती मुदत नोंदणी क्रमांक बदलण्यापुरती आहे, मालकी बदलण्यासाठी नाही. इथल्या आरटीएत लाइफ टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो गाडीची किंमत आणि वय पाहून ठरतो. म्हणून आकडा आधी काढावा आणि मगच भाच्याशी भाव करावा. बरेचदा इथली टीएस किंवा टीजी नंबरची गाडीच स्वस्त पडते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग नव्या नोंदणीचा पुरावा देऊन परत मागता येतो, पण ती रक्कम हातात पडायला वेळ लागतो. हिशेबात ती धरू नये.

गाडी इथलीच असली तरी थकलेली ई-चलाने पाहावीत. हैदराबादेत ती साठलेली असतात. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे तो वजा झाल्यावर हप्त्यात पडणारा फरक आपल्याला भरावा लागतो.

घरी आल्यावर इंजिन ऑइल किलोमीटर न मोजता वर्षातून एकदा बदलावे. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरमच होत नाही आणि ऑइलमध्ये ओल साचते. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आउटर रिंग रोडला तासभर फिरवून आणली, तर बॅटरीही नीट चार्ज होते.