घसरणाऱ्या क्लचची कुळकथा

'स्लिपर क्लच' म्हटलं की हल्लीच्या पोरांना मोटारसायकल आठवते. चाकणला बनणारी ३९० ड्यूक किंवा डॉमिनार घेतलेला प्रत्येक जण हा शब्द एकदा तरी ऐकवतोच. पण आज मी ज्या क्लचबद्दल लिहितोय तो त्याचा भाऊबंद आहे, तोच नव्हे. मोटारसायकलचा स्लिपर क्लच एकाच दिशेनं काम करतो. जोरात असताना पटापट गिअर खाली टाकले, की मागचं चाक उलट इंजिनालाच फिरवायला बघतं आणि चाक फरफटतं. त्या वेळी क्लच थोडा सुटतो. इंजिनाकडून चाकाकडे जाणारी ताकद मात्र तो अडवत नाही. रिमोटच्या बग्गीतला स्लिपर क्लच दोन्ही बाजूंनी घसरतो. मोटरनं जास्त जोर लावला तरी, आणि चाकाकडून उलटा दणका आला तरी.

आता फौजेचा माणूस खेळण्यातल्या गाडीवर का लिहितोय, असं माजी सैनिक मंडळी विचारतील. थोडं थांबा. ही कुळकथा शेवटी तोफेच्या नळीपाशी येते.

बिनतारी यंत्रानं वस्तू चालवण्याचा खेळ जुना आहे. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत छोटी बोट रेडिओनं चालवून दाखवली होती. त्यानंतर सैन्यांनीही हा नाद केला. रशियानं १९३९-४० च्या फिनलंडच्या लढाईत रेडिओनं चालणारे रणगाडे उतरवले होते. घराघरातल्या पोरांपर्यंत मात्र हे यायला १९७० चं दशक उजाडलं. जपानच्या तामियानं १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची रेडिओवर चालणारी मोटार काढली. ती सपाट जमिनीवरची गाडी. खड्ड्यामातीत पळणारी बग्गी त्यांनी १९७९ मध्ये आणली, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या नावांनी. पुढं १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या. स्वस्त, प्लॅस्टिकच्या, पोरांना स्वतः जोडता येणाऱ्या.

त्याच १९८४ मध्ये अमेरिकेत असोसिएटेड या कंपनीनं आरसी१० नावाची बग्गी काढली. सोनेरी रंगाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. खेळण्याचं रूपांतर शर्यतीच्या यंत्रात झालं ते या गाडीमुळे, असं माझं मत. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात या आकाराच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि गिल लोसी ज्युनिअर या पोरानं दोन चाकांना ड्राइव्ह असलेल्या गटात आरसी१० वर ती जिंकली. इंग्लंडमध्ये सेसिल शूमाकर हा कॉसवर्थमध्ये काम केलेला इंजिनिअर बॉल डिफरेन्शियल घेऊन या धंद्यात उतरला होता. दात्यांच्या जागी दोन चकत्यांमध्ये पकडलेल्या बारीक पोलादी गोळ्या. वळणावर छान चालतं, पण एक अट असते. त्या गोळ्या चकत्यांवर घसरू द्यायच्या नाहीत. घसरल्या की चकतीवर चर पडतो आणि डिफरेन्शियल गेलंच.

इथून अडचण सुरू झाली. शर्यतीचे ट्रॅक बदलले. उड्या मारायला मातीचे उंचवटे आले, माती दाबून घट्ट केली गेली, टायरला खिळ्यासारखे रबरी काटे आले. पकड वाढली. मोटरी वाढल्या, बॅटऱ्या वाढल्या. गिअरबॉक्स तेवढा नाजूकच राहिला, कारण वजन वाढवायचं नव्हतं. मग दात उडायला लागले.

माझ्या कामाचा भाग इथे येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा मोटरच्या पिनियनला २० दाते आहेत आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या स्पर गिअरला ८७. म्हणजे ४.३५ पट. गिअरबॉक्सच्या आत आणखी २.६ पट घट. एकूण ११.३. मोटर ११.३ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. मोटरची ताकद चाकापाशी तेवढ्या पटीनं वाढते, हे सगळ्यांना समजतं. जे पटकन समजत नाही ते असं, की मोटरच्या रोटरचं जडत्व चाकापाशी ११.३ पट नव्हे, तर ११.३ च्या वर्गाइतकं जाणवतं. म्हणजे जवळजवळ १२८ पट. बोटाएवढा रोटर चाकाला एखाद्या जड फ्लायव्हीलसारखा वाटतो. बंद गाडीचं मागचं चाक हातानं झटक्यात फिरवून बघा, मनगटाला कळेल.

आता बग्गी उडी मारते. चाकं हवेत, पोरगा ॲक्सिलरेटर दाबूनच आहे. चाकं मोकळी असल्यामुळे मोटर सुसाट जाते. आजची ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर भार नसताना मिनिटाला सुमारे २४,००० फेरे घेते. मग गाडी जमिनीवर आदळते. जमीन चाकाला सांगते, गाडीच्या वेगानं फिर. रोटर सांगतो, मी थांबणार नाही. दोघांच्या भांडणात मधले दाते मरतात. जुन्या ब्रशच्या मोटरींच्या काळात हे भांडण छोटं होतं. बॅटरी आधी निकेल-कॅडमियम होती, मग लिथियम आली, आणि भांडण फार मोठं झालं.

उपाय सोपा. स्पर गिअर शाफ्टला पक्का बसवायचाच नाही. त्याच्या दोन्ही अंगांना घर्षण-पॅड आणि धातूच्या चकत्या, आणि बाहेरून एक स्प्रिंग व नायलॉनचा लॉकनट. नट आवळला की स्प्रिंग चकत्या दाबते आणि गिअर शाफ्टबरोबर फिरतो. ठरलेल्या जोरापेक्षा जास्त जोर आला की गिअर आपल्या जागी घसरतो. दाता वाचतो, घर्षणानं थोडी उष्णता होते, बस. नव्वदच्या दशकात चांगल्या शर्यतीच्या बग्गीत हा भाग ठरलेलाच झाला. लोसीच्या कंपनीनं तर पॅडऐवजी घट्ट द्रव वापरलेली हायड्रा-ड्राइव्ह नावाची जोडणीही काढली होती. मला साधे पॅडच बरे वाटतात. बिघडले की दिसतं तरी.

पण ही कल्पना त्या अमेरिकन पोरांची नव्हे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी रोटाव्हेटरच्या शाफ्टवरचा शिअर बोल्ट पाहिला असेल. ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला ताकद देणारा पीटीओ १९१८ च्या सुमारास अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं बाजारात आणला, आणि दगड लागला की काय मोडावं हा प्रश्न शेतकऱ्यापुढे आला. शिअर बोल्ट म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट. पाते दगडाला अडकलं की तो कापला जातो, गिअरबॉक्स वाचतो. मोठ्या अवजारांना त्याच जागी स्लिप क्लच असतो. तो कापला जात नाही, घसरतो आणि पुन्हा धरतो. आमच्याकडे बोल्ट दोनदा कापला गेला की माणसं वैतागून तिथं चांगल्या पोलादाचा बोल्ट घालतात. नंतर गिअरबॉक्सचं बिल येतं.

आता नळी. मी ईएमईचा मेकॅनिक. आमच्या ट्रेनिंगच्या काळात टी-५५ अजून होता. नवख्याला वाटतं की रणगाड्यातला क्लच म्हणजे इंजिनामागचा तो मोठा, सुक्या पोलादी चकत्यांचा मुख्य क्लच. तो आहेच. टी-७२ मध्ये वेगळा मुख्य क्लच नाही, दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्समध्येच तेलात बुडालेल्या घर्षण चकत्या आहेत. पण उस्तादांनी आम्हाला ज्या क्लचपाशी सर्वांत जास्त वेळ उभं केलं, तो टरेटमध्ये होता. टरेट फिरवणाऱ्या आणि नळी वरखाली करणाऱ्या यंत्रणेत घर्षण चकत्यांची एक घसरती जोडणी असते. रणगाडा झाडीतून जाताना नळी झाडाला लागली, किंवा खड्ड्यात जाऊन मातीत टेकली, तर कित्येक टनांच्या गाडीचा धक्का त्या छोट्या गिअरवर येतो. जोडणी घसरते, नळी हटते, दाते शाबूत राहतात.

उस्ताद म्हणायचे, "ये ढीला रखा तो निशाना गया, कस के रखा तो दाँत गया." याच्याहून नेमकं मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ढिलं ठेवलं तर ऊबडखाबड जमिनीवर नळी स्वतःच हलते, आणि गनरनं धरलेला नेम राहत नाही. जास्त आवळलं तर पहिल्याच झाडाला यंत्रणा जाम, आणि मग तो टरेट लढाईच्या मधोमध नुसतं लोखंड. आत बसलेल्यांना बाहेर उतरून दुरुस्ती करायची सोय नसते. म्हणून ती जोडणी वर्कशॉपमध्ये मोजून, ठरलेल्या जोरावरच लावायची. हाताच्या अंदाजानं नाही.

सध्याच्या पोस्टिंगवर, राजस्थानात, हे सगळं पुन्हा आठवायचं कारण शेजारच्या क्वार्टरमधल्या सुभेदार साहेबांचा मुलगा. साहेब स्वतः फील्डमध्ये, घरी आई आणि हा नववीतला पोरगा. वडिलांनी सुट्टीत येताना बग्गी आणली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार महिन्यांत तिसरा स्पर गिअर गेला होता. आईचं म्हणणं, वाळूनं गेला, आता गाडी बंद. पोरगा माझ्याकडे आला, "अंकल, लोहे का गिअर डाल दें?"

दोघांचंही निदान चुकलं होतं. वाळूत गिअर जात नाही, कारण सैल वाळूत टायरला पकडच नसते. चाक फिरतं आणि जोर वाया जातो. वाळूच तिथे स्लिपर क्लच होते म्हणा ना. गिअर जात होता तो क्वार्टरमागच्या कंकराच्या घट्ट मैदानावर, जिथे यानं विटांवर फळी ठेवून उडीचा रॅम्प केला होता. मी त्याला म्हटलं, हवेत असताना बोट सोड. म्हणाला, सोडलं तर नाक खाली जातं. तेही खरं होतं, फिरत्या चाकांचा जोर हवेत गाडीचं नाक उचलतो. पोराला विषय कळत होता.

लोखंडाचा गिअर घातला असता तर तो गिअर वाचला असता. पुढचा दणका डिफरेन्शियलवर किंवा चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर गेला असता, आणि ते भाग महाग. म्हणून त्याच्याच गाडीसाठी मिळणारा स्लिपरचा संच मागवला. त्यात पॅड, चकत्या, स्प्रिंग आणि नवा, जास्त लांबीचा शाफ्ट असतो. जुन्या शाफ्टवर स्प्रिंग आणि नट मावत नाही, म्हणून गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो. रविवारी दुपारी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसलो. त्याच्या आईनं दोनदा चहा पाठवला आणि दोन्ही वेळा दारातून विचारलं, पुर्जा बचा तो नहीं?

जुळवताना दोन गोष्टी जपायच्या. चकत्या आणि पॅड स्पिरिटनं पुसायचे, ग्रीसचा बोटही लागू द्यायचा नाही. आणि पिनियन-स्परमधलं अंतर. वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची. कागदाएवढी फट पुरते.

मग नट. ७ च्या पान्यानं पूर्ण आवळून दोन फेरे सोडले आणि तिथून अष्टमांश फेऱ्यानं पुढेमागे गेलो. आधी डिफरेन्शियल तपासायचं. स्पर गिअर आणि एक चाक हातानं धरायचं आणि दुसरं चाक फिरवायला बघायचं. सहज फिरलं तर डिफरेन्शियलच आधी घसरतंय, क्लच लावून उपयोग नाही. नंतर जमिनीवर. उभ्या गाडीला एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की पहिल्या फूट-दोन फुटांत क्लचची बारीक किंकाळी ऐकू यायला हवी आणि मग गाडीनं पकडून निघायला हवं. किंकाळी आलीच नाही तर नट जास्त आवळलाय. गाडी पाच-सहा फूट रडतच राहिली तर ढिला. मैदानावर ही चाचणी पोरानंच केली, मी पान्यासकट मागे उभा. चौथ्या वेळेला बरोबर लागलं. नटावर आणि शाफ्टच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवली, म्हणजे हलला तर दिसेल. ही सवय वर्कशॉपची.

रॅम्पवरून पंधरा-वीस उड्या झाल्या. बोट दाबूनच. गिअर आहे तसा.

इथल्या धुळीचं मात्र बघावं लागेल. क्लच उघडाच असतो आणि बारीक धूळ पॅडवर बसली की तो काचेसारखा गुळगुळीत होतो, मग नट कितीही आवळा, धरत नाही. संचाबरोबर आलेलं प्लॅस्टिकचं झाकण लावलंय, तरी दर पंधरा दिवसांनी उघडून पुसायला सांगितलंय. उन्हाळ्यातल्या आँधीच्या दिवसांत दर आठवड्याला. पोरानं वहीत तारखा लिहायला सुरुवात केली आहे, लॉगबुकसारख्या. वडील पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतील तेव्हा त्यांना वही दाखवायची आहे म्हणे.