नोटिशीची तारीख : पेणचे शेतकरी नेमकं काय जिंकले?

मागच्या सहामाही प्रगती अहवालाच्या वेळी गाइड मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला आणि मी अडकलो. महामुंबई सेझविरुद्धच्या लढ्याचं प्रकरण वाचून त्या म्हणाल्या, "शेतकरी जिंकले असं लिहिलंयस. पण नेमकं काय जिंकले?" मी म्हटलं, "जमीन वाचली." त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे. आजची पोस्ट म्हणजे त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००५ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा केला. त्यानंतर रायगड जिल्ह्यातल्या उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली ४५ गावं मिळून एक प्रचंड खासगी सेझ उभारायचं ठरलं. आकडा होता सुमारे १०,००० हेक्टरचा. नाव 'महामुंबई'. या नावातच सगळं आलं. कागदावर हा उद्योगाचा प्रकल्प असला तरी प्रत्यक्षात ते खाडीपलीकडचं नवं शहरच होतं. आणि त्यासाठी लागणारी जमीन सरकार १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सक्तीने घेऊन देणार होतं.

जमीन कसली होती?

मुंबईहून पाहणाऱ्याला खारेपाट म्हणजे नुसता सपाट, चिखलाचा पट्टा वाटतो. पण ही जमीन माणसांनी तयार केलेली आहे. भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असलेली ही भातखाचरं मातीच्या बांधांनी समुद्रापासून राखलेली असतात. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, की पुढची काही वर्षं तिथे भात नीट होत नाही. त्यामुळे बांधाची राखण एकट्या-दुकट्याचं काम कधीच नव्हतं. सगळ्या गावाने मिळून ती करायची, अशी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने सरकार त्यात आलं. सातबारा प्रत्येकाचा वेगळा, पण बांध सगळ्यांचा, हे इथलं गणित. ते लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

या पट्ट्याला आंदोलनाचाही जुना वारसा आहे. पेणहून अलिबागकडे जाताना वाटेत चरी गाव लागतं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला, २५ गावांत पसरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले. कसणाऱ्याचा हक्क मान्य होण्याच्या वाटेवर हा संप फार मोठा टप्पा होता.

म्हणजे गंमत बघा. आजोबांनी जमीन पडीक ठेवून लढा दिला आणि नातवंडांना ती पिकती राहावी म्हणून लढावं लागलं.

शेजारच्या गावांचा धडा

मधल्या पिढीची गोष्ट नवी मुंबईची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायला सुरुवात झाली. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं.

हा मोठाच विजय होता, पण तो मोबदल्याचा होता. शहर येणार हे गृहीत धरलेलं होतं, वाद होता शेतकऱ्याच्या हाती काय पडणार याचा. पेणच्या गावांनी हे सगळं जवळून पाहिलं. नातीगोती तिथलीच, लेकी-सुना तिथल्याच. साडेबारा टक्क्यांसाठी पुढची कित्येक वर्षं घातलेले हेलपाटे त्यांना माहीत होते. माझं म्हणणं असं की २००६ नंतर पेणमध्ये 'किती देणार?' ऐवजी 'देणारच नाही' ही भाषा आली, त्यामागे हा शेजार आहे. अभ्यासक सहसा सिंगूर-नंदिग्रामकडे बोट दाखवतात. त्याचा परिणाम झालाच, पण पेणचा खरा धडा खाडीच्या याच बाजूला होता.

सरकारचाच कागद सरकारपुढे

आता माझ्या प्रबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या लढ्यात मोर्चे झाले, उपोषणं झाली, प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारखी माणसं गावोगावी फिरली. पण लढ्याची दोन सर्वांत धारदार हत्यारं सरकारी दप्तरातूनच आली होती.

पहिलं हत्यार म्हणजे हेटवणे धरण. पेण तालुक्यातलं हे धरण शेतीच्या सिंचनासाठी मंजूर झालेलं. सेझमध्ये जाणारी पेणमधली २२ गावं त्याच्या लाभक्षेत्रात होती, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात शेतापर्यंत कालवे पोचलेच नव्हते आणि धरणाचं पाणी मात्र नवी मुंबईकडे जात होतं. केंद्र सरकारचं मार्गदर्शन असं होतं की सेझसाठी आधी पडीक जमीन घ्यावी, गरज पडली तर एकपिकी, आणि दुपिकी जमीन अगदी थोडी. शेतकऱ्यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. आमची जमीन एकपिकी दिसते, कारण तुम्ही कबूल केलेलं पाणी दिलं नाहीत. आधी पाणी द्या, मग बघा किती पिकं निघतात ते!

हा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. न पाळलेलं आश्वासन एरवी नुसती तक्रार म्हणून उरतं. इथे त्याचा पुरावा झाला.

यातूनच सार्वमत निघालं. २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने या २२ गावांतल्या खातेदारांचं मत घेतलं : सेझला जमीन द्यायची की नाही? भूसंपादनावर सरकारनेच असं मत अजमावण्याचं देशात तोवर दुसरं उदाहरण नव्हतं. बहुसंख्य मतं विरोधात पडल्याचं त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आलं, सरकारने मात्र निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. तो बंधनकारकही नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. मत खातेदारांचं होतं. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही अशा शेतमजुरांचं, आदिवासी कुटुंबांचं, शेतात राबणाऱ्या कितीतरी बायकांचं मत मोजलंच गेलं नाही. कसणाऱ्याच्या हक्काच्या चरीच्या लढ्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीही मोजणी मालकीवरच अडली होती.

दुसरं हत्यार होतं तारीख. भूसंपादन कायद्यात कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना निघते, तिच्यावर ३० दिवसांत हरकती घेता येतात. मग कलम ६ ची घोषणा. आणि कलम ११-अ सांगतं की त्या घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर सगळी कारवाई आपोआप रद्द होते. हे कलम कायद्यात घातलं गेलं १९८४ मध्ये, म्हणजे उरणच्या गोळीबाराच्याच वर्षी. दोन्हींचा थेट संबंध नाही, पण दप्तरात ही दोन वर्षं शेजारी-शेजारी दिसली तेव्हा मी क्षणभर थांबलो होतो.

म्हणून गावांना लढाई एका फटक्यात जिंकायची नव्हती, वेळ काढायचा होता. प्रत्येक हरकत, प्रत्येक सुनावणी, मोजणीला आलेल्यांना परत पाठवणं, सार्वमताची मागणी, या सगळ्यातून दिवस पुढे सरकत होते. जून २००९ मध्ये दोन वर्षांची मुदत संपली तेव्हा निवाडा झालेला नव्हता. प्रकल्प तिथेच बारगळला. सार्वमताने लोकांची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम केली, पण जमीन वाचली ती कॅलेंडरने.

मग जिंकले काय?

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. कलम ११-अ ने संपादन रद्द होतं, पण जमीन शेतीसाठी राखून ठेवली जात नाही. पाणी द्या ही मागणी लढ्याच्या केंद्रस्थानी होती, पण मुदत संपल्याने पाणी आलं नाही. शेतकऱ्यांनी 'नाही' म्हणायचा हक्क बजावला, शेतीने जगता येईल अशी परिस्थिती मात्र त्यातून निर्माण झाली नाही.

आणि शहर थांबलं नाही, त्याने वाट बदलली. २०१३ नंतर विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात नगररचना परियोजनांची पद्धत आली : जमिनीचा ६० टक्के भाग सोडा, ४० टक्क्यांचा विकसित भूखंड घ्या. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाला. त्याच वर्षी सरकारने उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. गावांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. म्हणजे जुनी सवय शाबूत आहे. पण १८९४ चा कायदा आता नाही, आणि जिथे सक्तीने संपादनच होत नाही तिथे ते दोन वर्षांचं घड्याळही नाही.

शिवाय सक्ती नसली की प्रत्येक जण आपापल्या सातबाऱ्याचा वेगळा निर्णय घेतो. इथे ते बांधाचं गणित परत येतं. एकाने खाचर विकलं, घेणाऱ्याने मातीचा भराव टाकला, की शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी निघायला वाट राहत नाही. तो 'नाही' म्हणत असला तरी त्याचं शेत बुडतं. सरकारी नोटीस सगळ्या गावाला एकदम येते, म्हणून तिच्याविरुद्ध गाव एकदम उभं राहू शकतं. जमिनीचा दलाल येतो तो एकेका घरी, एकेका संध्याकाळी.

म्हणून प्रकरणातलं वाक्य मी बदललंय. 'शेतकरी जिंकले' ऐवजी आता तिथे असं आहे : गावांनी पंधरा-वीस वर्षं मिळवली. हे कमी नाही. एका पिढीला आपल्या खाचरात भात लावता आला, आणि विकायचं की नाही ते स्वतः ठरवता आलं. मॅडमना हे पटेल की नाही, पुढच्या बैठकीत कळेलच.

जाता जाता एक विनंती. या लढ्याची पत्रकं, हरकतींच्या पोच घेतलेल्या प्रती, कलम ४ च्या नोटिसा अजून कितीतरी घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पडून आहेत. सरकारी अभिलेखागारात यातलं फारसं जाणार नाही. तुमच्या घरात असतील तर रद्दीत घालू नका. शक्य झालं तर फोटो काढून ठेवा, पोच दिल्याचा शिक्का आणि तारीख नीट दिसेल असा. निदान या लढ्यात तरी तारखेला किती किंमत होती, ते आता तुम्हालाही माहीत आहे.