हडपसरची लढाई आणि पेशवाईचा अंत

दरवर्षी ३१ डिसेंबरला करी रोडहून अनेक उपासक-उपासिका कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघतात. १८०२ साली वसईचा तह झाला तोही याच तारखेस, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पेशवाई १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी बुडाली, असे आपण म्हणतो. आमच्या मते तिचा कणा मराठा सरदारांच्या यादवीत आधीच मोडला होता. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांस पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेस हरविले; इंदूरला शिंद्यांनी सूड उगविला. निर्णायक लढाई २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला झाली. शिंदे-पेशव्यांची संयुक्त फौज मोडली. बाजीराव कोकणमार्गे वसईस पळाला आणि कंपनीच्या तैनाती फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख त्याने तोडून दिला. मे १८०३ मध्ये तो पुण्यास परतला, तो इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने.

यामुळे कोरेगावी कंपनीच्या पलटणीत लढलेल्या महार शिपायांचे शौर्य तिळमात्र उणे होत नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, ते या शौर्याची आठवण जागविण्यासाठी. राज्य गहाण टाकल्याचा हिशेब मात्र हडपसरच्या माळावर मागावा लागतो.