लीफ स्प्रिंगच्या मोटारीची मागील उंची कमी करणे

लीफ स्प्रिंग (बोलीभाषेत 'पाटा') म्हणजे एकीवर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग होय. १९६४ साली आलेल्या पहिल्या फोर्ड मस्टँगसारख्या जुन्या मोटारींचा मागील ॲक्सल अशा दोन स्प्रिंगांवर बसवलेला असतो. गुरुत्वमध्य खाली आणण्यासाठी किंवा केवळ हौसेखातर अशा मोटारींचा मागील भाग बसका केला जातो.

पद्धती

ठोकळा : मस्टँगमध्ये ॲक्सल स्प्रिंगच्या वर असतो. दोहोंमध्ये धातूचा ठोकळा घालून तो लांब यू-बोल्टने आवळल्यास मागील भाग ठोकळ्याच्या जाडीइतका खाली येतो. ॲक्सल स्प्रिंगखाली असलेल्या वाहनात मात्र याच ठोकळ्याने उंची वाढते.

कमान उतरवणे : पट्ट्या न तापवता दाबाने त्यांचा बाक कमी करतात.

पट्टी काढणे : उंची घटते, परंतु स्प्रिंग मऊ होऊन भारवहनक्षमताही घटते.

धोके

स्प्रिंग ज्योतीने तापवून खाली बसवणे घातक असते; त्यामुळे पोलादाचे पाणी उतरते व पट्टी दबते किंवा तुटते. कोणत्याही पद्धतीत ॲक्सलला वर सरकण्यास जागा कमी उरते आणि खड्ड्यात तो रबरी अडथळ्यावर आदळू शकतो. म्हणून शॉक ॲब्सॉर्बरची लांबी, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि टायर व मडगार्ड यांतील अंतर तपासणे आवश्यक ठरते.