मुलांच्या अवधानाचा व्यापार : एक ऐतिहासिक विवेचन



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी समाजाच्या पूर्वपीठिकेविषयी, कर्तृत्ववान पूर्वजांविषयी व कुलदैवतांविषयी लेख येत असतात, आणि ते यावयासच हवेत. यंदा मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने एका अलीकडच्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे मी योजिले आहे. हा इतिहास उणापुरा शंभर वर्षांचा आहे. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत. तथापि त्याचा परिणाम आपल्या प्रत्येकाच्या घरात, जेवणाच्या ताटाशेजारी आणि मुलाच्या उशाशी येऊन पोहोचलेला आहे. मोबाइल फोन मुलाच्या हातून सुटत का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात आहे.

या प्रश्नाला आपण सामान्यतः असे उत्तर देतो की, हल्लीच्या मुलांना मन आवरता येत नाही, किंवा आईबापांचा धाक उरलेला नाही. पस्तीस वर्षे मुलांना शिकविल्यानंतर हे उत्तर मला अपुरे वाटते. मी नोकरीस लागलो तेव्हा वर्गातील मुलाचे मन जितके चंचल होते, तितकेच ते निवृत्तीच्या दिवशीही होते. बदलले ते त्याच्या हातातील साधन. आणि हे साधन ज्यांनी घडविले त्यांनी ते जाणूनबुजून तसे घडविले.

नव्या करमणुकीविरुद्ध वडीलधाऱ्यांची तक्रार ही काही नवी गोष्ट नव्हे. कादंबऱ्यांनी मुले बिघडतात, असे एके काळी म्हणत. पुढे तोच आरोप नाटकांवर व सिनेमावर झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले व कालांतराने घरोघरी संच आले, तेव्हा पालकसभांतून हेच गाऱ्हाणे ऐकू येई. त्या सर्वांतून मुले तरली, तशी याही वेळी तरतील, असे म्हणणारे सुज्ञ लोक आहेत. त्यांच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे. परंतु जुन्या करमणुकींत दोन गुण होते. पहिला हा की, त्यांना शेवट असे. कादंबरीला शेवटचे पान, नाटकाला पडदा, कीर्तनाला आरती. दूरदर्शनचे कार्यक्रमसुद्धा त्या काळी रात्री संपत आणि घर निजे. दुसरा गुण असा की, पुस्तक वाचकाकडे पाहत नसे. कोणत्या ओळीवर तो थांबला, कोठे त्याचे डोळे पाणावले, हे टिपून ठेवून पुढचे पान त्याप्रमाणे बदलण्याची शक्ती पुस्तकात नव्हती. नव्या साधनाने शेवट काढून टाकिला आणि पाहणाऱ्याकडे पाहण्यास आरंभ केला. हे कसे घडले ते आता क्रमाने पाहू.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी १९३० नंतरच्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. पेटीतील दांडी दाबली की उंदरास खाद्य मिळे. पुढे त्यांनी कबुतरांवरही असेच प्रयोग केले, आणि १९५७ साली चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष मोठा विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक टोचीला दाणा मिळत असेल, तर दाणे बंद होताच पक्षी थोड्याच वेळात टोचणे सोडतो. परंतु दाणा कधी तिसऱ्या, कधी विसाव्या, तर कधी पन्नासाव्या टोचीला, असा अवचित मिळत गेला, तर पक्षी न थकता टोचीत राहतो. आणि दाणे बंद झाल्यावरही बराच काळ टोचीत राहतो. जुगाऱ्याची वर्तणूक अशीच असते, हे स्किनर यांनी स्वतःच दाखवून दिले होते. आपल्या लोकांना त्यासाठी अमेरिकेत जावयास नको. मुंबईच्या गिरणगावात मटक्याचा आकडा लावणारा कामगार आज हरला तरी उद्या पुन्हा आकडा लावीत असे, आणि घरी पगाराच्या दिवशी चूल थंड राही. त्याचे मर्म याच प्रयोगात आहे. रोजचे हरणे त्याला घरी पाठवीत नसे, क्वचित येणारे जिंकणे त्याला परत बोलावीत असे.

ही विद्या संगणकापर्यंत कशी आली? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी एक प्रयोगशाळा स्थापन केली. संगणकाच्या योगाने माणसाचे विचार व वर्तन कसे वळविता येईल, हा तिचा विषय होता. त्या विद्येने व्यायामाची वा औषध वेळेवर घेण्याची सवयही लावता येते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु विद्या कोणाच्या हाती जाते यावर तिचे फळ अवलंबून असते. नव्या कंपन्यांनी आपल्या सेवा लोकांना फुकट दिल्या आणि उत्पन्न जाहिरातींतून मिळविले. माणूस जितका अधिक वेळ पडद्यापुढे बसेल, तितक्या अधिक जाहिराती त्यास दाखविता येतात. अशा रीतीने माणसाचे अवधान हाच विक्रीचा माल झाला. दुकानातील तराजूवर आपण गिऱ्हाईक म्हणून उभे आहोत असे आपल्याला वाटत होते. प्रत्यक्षात आपण पारड्यात बसलो होतो.

मग एकामागून एक युक्त्या निघाल्या. २००६ साली अझा रास्किन या तरुण रचनाकाराने एक सोय शोधिली. तोवर संगणकावरील मजकूर पानापानांनी येई. पान संपले की पुढचे मागवावे लागे, आणि तेवढ्या क्षणात माणूस ‘आता पुरे’ असे म्हणू शके. रास्किनच्या योजनेत बोट वर सरकवीत जावे आणि पान संपूच नये, अशी व्यवस्था झाली. २०१८ साली त्याने या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकाने लाइकचे बटण आणिले. आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली, हे पाहण्यासाठी मूल वरचेवर फोन उघडू लागले. कधी दोन, कधी वीस, कधी एकही नाही. हाच तो अवचित मिळणारा दाणा. पुढे एक चलच्चित्र संपताच दुसरे आपोआप सुरू होऊ लागले. स्नॅपचॅट या माध्यमाने तर मुलांच्या मैत्रीलाच आकडा जोडिला. दोघा मित्रांनी रोज, चोवीस तासांच्या आत, एकमेकांस छायाचित्र पाठवावे. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येई. मैत्री तुटेल या भयाने मुले परीक्षेच्या दिवसांतही हा नेम पाळू लागली. व्रतवैकल्यांचा नेम मोडला तर देव क्षमा करतो, अशी आपली श्रद्धा आहे. या यंत्राच्या ठायी तेव्हा ती सोय नव्हती.

हे सर्व करणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती काय? होती. फेसबुकाचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर सांगितले की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ व लक्ष कसे व्यापता येईल, याच विचाराने ती रचना झाली. मुलांच्या मेंदूवर तिचा काय परिणाम होत आहे ते देव जाणे, असेही ते म्हणाले. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांना २०१० साली एका वार्ताहराने विचारले असता, आपल्या मुलांनी आयपॅड वापरलेला नाही व घरी त्यांच्या अशा वापरावर मर्यादा आहे, असे उत्तर मिळाले. हलवाई आपल्या मुलांना आपल्या दुकानातील मिठाई देत नसेल, तर गिऱ्हाइकाने काय समजावे? २०२१ साली फ्रान्सेस हॉगेन या कर्मचारी महिलेने फेसबुकाची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणिली आणि ५ ऑक्टोबर रोजी अमेरिकन सिनेटपुढे साक्ष दिली. कंपनीच्याच पाहणीत असे आढळले होते की, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते, त्यांच्यापैकी ३२ टक्के मुलींच्या मते इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४१ राज्यांनी या कंपनीविरुद्ध दावे दाखल केले.

मुलांचे नेमके किती नुकसान होते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दुःखी मूल फोनकडे वळते की फोनमुळे मूल दुःखी होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मे २०२३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात नमूद केले की, समाजमाध्यमांवर दररोज तीन तासांहून अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांत नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ सालीच या व्यसनाच्या उपचारासाठी स्वतंत्र केंद्र उघडिले. ‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. वाद मिटेपर्यंत शिक्षकाला थांबता येत नाही. रात्री बारापर्यंत जागलेले मूल सकाळच्या पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपते, हे पाहावयास संशोधन लागत नाही.

सरकारेही जागी झाली आहेत. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांचा ऑनलाइन खेळ शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ठेविला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी झाली. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे.

परंतु मला सर्वांत बोधप्रद वाटते ते उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातील आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. गावातील फोन व दूरदर्शन संच बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करितात आणि मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. आरंभी लोकांनी शंका घेतल्या. शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायतीच्या मंडळींनी घरोघर जाऊन समजूत घातली. या नियमाचे मर्म भोंग्यात आहे. यंत्राने जो शेवट काढून टाकिला होता, तो त्या गावाने परत आणिला. आणि तो एकाच वेळी सर्वांसाठी आणिला, म्हणून कोणत्याही मुलास आपण एकटेच वंचित आहोत असे वाटले नाही. एकट्या बापाने फोन काढून घेतला तर मूल रुसते, कारण मित्र तिकडे बोलत असतात. गावाने घेतला तर रुसावयास कोणी उरत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वसूरींनी मूठ-मूठ धान्य व रुपया-रुपया वर्गणी गोळा करून विद्यार्थी वसतिगृह उभारिले, ते कशासाठी? ज्यांच्या घरी अभ्यासाला दिवा नव्हता त्यांना दिवा मिळावा म्हणून. आज दिव्याची वाण नाही. वाण आहे ती त्या दिव्याखालच्या दोन शांत तासांची, आणि ती गरिबाच्या मुलास अधिक भोवते; कारण त्याच्याजवळ अभ्यासाखेरीज दुसरे भांडवल नाही.

यास्तव मंडळापुढे मी चार सूचना ठेवितो. वसतिगृहात आणि आपल्या प्रत्येक घरी सायंकाळचा दीड तास सर्वांचे फोन, वडिलांचेही, एका जागी ठेवावेत. रात्री मुलाच्या उशाशी फोन असू नये. गुणगौरव समारंभात बक्षीस म्हणून फोन देऊ नये. ग्रंथ वा शिष्यवृत्ती द्यावी. आणि चौथी, जी मी शिक्षक या नात्याने सर्वांत महत्त्वाची मानितो ती ही की, आठवीच्या पुढील मुलांना हा इतिहास सांगावा, कबुतराच्या पेटीपासून. उपदेशाचा मुलास कंटाळा येतो, पण आपणांस कोणी फसवीत आहे हे कळले म्हणजे त्याचा स्वाभिमान जागा होतो.

येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनांचा विचार व्हावा व निदान पहिली तरी याच वर्षी अमलात यावी, अशी नम्र विनंती करून मी हा लेख पुरा करितो.