चित्रातला तट आणि मोतमाउलीचा डोंगर

जुन्या छापील चित्रावर पुष्कळदा साल नसते. मग ते चित्रातल्या वास्तूलाच विचारावे लागते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मों-सँ-मिशेल या तटबंदीच्या मध्ययुगीन तीर्थस्थानाचे चित्र घ्या. किनाऱ्याशी जोडणारा बांध त्यात नसेल तर दृश्य १८७९ पूर्वीचे. बांध आहे, पण शिखरावर सोनेरी देवदूत नाही, तर १८९७ पूर्वीचे.

हीच कसोटी आम्ही दादरपासून दूर नसलेल्या, वांद्र्याच्या मोतमाउलीला लावतो. (मोत म्हणजे डोंगर, पोर्तुगीजांकडून आलेला, माउली मात्र अस्सल आपली.) माहीम-वांद्रे रस्ता लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ साली खुला झाला. आजचे देऊळ १९०४ सालचे. ईस्ट इंडियन बोलीत चर्चला देऊळच म्हणतात. चित्रात रस्ता आहे की नाही, देऊळ कोणते, एवढ्यावर काळ बऱ्यापैकी ठरतो.

तटाचे मात्र तसे नाही. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७५च्या सुमारास वांद्र्यास आला, तेव्हा धक्क्यावरचे जेझुइटांचे कॉलेज त्याला गढीसारखे दिसले. सात तोफा असल्याची नोंद त्याने केली आहे. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ साली लंडनमध्ये छापला गेला. पुढे चिमाजीअप्पांची वसईची मोहीम आली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या संमतीने तो उद्ध्वस्त केला. शत्रूच्या तोफांनी नव्हे, शेजाऱ्याच्या सावधगिरीने! त्याच धामधुमीत कॉलेज गेले, डोंगरावरचे देऊळही गेले. देऊळ १७६०च्या सुमारास पुन्हा उभे राहिले.

जेम्स वेल्सची मुंबईची दृश्यमाला प्रसिद्ध झाली ती १८०० साली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत वांद्र्याची जी निवांत टेकडी दिसते, ती तोफा हलवल्यानंतरची आहे. तिच्यावरून पोर्तुगीज वांद्र्याचे वर्णन करणे हे आमच्या मते चित्राकडून नसलेली साक्ष काढून घेणे होय. आमच्या अभ्यासक्रमांत मध्ययुग १८१८ पर्यंत ताणले जाते, म्हणून तर ही गल्लत अधिकच सोपी होते. दादरचे पोर्तुगीज चर्च निदान अशी भूल पाडत नाही: स्थापना १५९६ची, पण समोर उभी असते ती चार्ल्स कोरिया यांची विसाव्या शतकातील काँक्रीटची वास्तू. वांद्र्याच्या तटासाठी मात्र फ्रायरचेच पान उघडावे लागते, आणि तेही तो तोफा मोजणारा कंपनीचा नोकर होता हे ध्यानात ठेवून.